दादा ते औषध प्यायला

वॉर्डातल्या सिस्टरनं निरोप पाठवला तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाशी दादासाठी संत्री घेत होते. वर जाईपर्यंत त्याच्या तोंडावर चादर ओढलेली होती. पुढे शोकसभेत त्याचे जुने साहेब बोलले, “काळाच्या पुढचा माणूस गेला.” मी उठून बाहेर आले. तिथे तोंड उघडलं असतं तर सभेचा तमाशा झाला असता, म्हणून इथे लिहिते.

आमचे बाबा गिरणीत कामाला. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा दादा शाळेत होता. पुढे तो जनावरांचा डॉक्टर झाला, वस्तीतला पहिलाच, आणि सरकारी प्रयोगशाळेत लागला. वाडीच्या किसन गवळ्याची वासरं तेव्हा पांढऱ्या हगवणीनं पटापट मरत होती. “सुईचा असरच होऊन नाही राहिला वं, शांते. जंतू निगरगट्ट झाले,” दादा म्हणायचा. मग त्यानं गोठ्यामागच्या नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. जंतूंना खाणारे, त्यांच्याहूनही बारके जीव त्या घाणीतच असतात म्हणे. ते त्यानं गाळून, वाढवून, जंतूंनी गढुळलेल्या बाटलीत टाकले. सकाळी बाटली निवळशंख! घरी आला तो ओरडतच, “खाल्ले वं त्यायनं! सारे खाल्ले!” ते औषध पाजल्यावर किसनची वासरं उठली, गाईला ढुशा देऊ लागली. मी स्वतः पाहिलं आहे.

किसन हरखला. एखाद्या औषधानं गुण आला की ते सोयऱ्यांनाही द्यायचं, ही आपल्याकडची रीत. उरलेली बाटली त्यानं दादाला न विचारता रामटेकला बहिणीच्या घरी पाठवून दिली. पण हे जीव खाण्याचे मोठे चोखंदळ, आपापलाच जंतू खातात. रामटेकचा जंतू वेगळा होता. तिथली सगळी वासरं मेली आणि किसनच्या बहिणीचा नवरा रिकामी बाटली घेऊन थेट ऑफिसात येऊन बोंबलला.

त्या दिवशी मी दादाचा डबा घेऊन गेले होते. साहेबांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं, दादाच्या कपाटातली एक भरलेली बाटली उचलली. “नाल्याचं पाणी पाजतोस जनावरांना? तुमच्या लोकांची सवय सुटायची नाही. पी बघू, आधी तू पी!” दोघेतिघे फिदीफिदी हसले. मेल्यांचे चेहरे मला आजही आठवतात. दादानं किसनचं नावही घेतलं नाही. बाटली तोंडाला लावली, प्यायला, तोंड पुसलं. “यानं माणसाले काही होत नाही, साहेब.” साहेबांनी उरलेल्या साऱ्या बाटल्या मोरीत ओतायला लावल्या, वर फिनेल. घरी येऊन दादा रडला तो त्या बाटल्यांसाठी...

मग बदली झाली कत्तलखान्यावर, मांसावर शिक्के मारायला. पुन्हा प्रयोग करू द्या म्हणून तो अर्ज करत राहिला आणि शिक्के मारत राहिला.

यंदा तिथलाच मांस टांगायचा आकडा त्याच्या पायात घुसला. जखम सडली. डॉक्टर इंजेक्शनं बदलून बदलून थकले, एकही लागू पडेना. दादा हसला, “वासराइचीच बिमारी मले झाली वं.” एका दुपारी म्हणाला, “नाल्याचं पाणी आण. बाटली उकळून घेजो.” आणलं. बाटली खिडकीकडे धरून तो किती वेळ पाहत बसला.

“लावू का, दादा?”

“अशी नाही लावत वं. गाळा लागते, वाढवा लागते... साहेबाले विचारून पाह्य, चार दिवस प्रयोगशाळेतली खोली देते का.”

गेले मी. त्या माणसाच्या दारात हात जोडले. तो म्हणाला, “अजून नाल्यातच आहे का तुझा भाऊ?” आणि दार लावलं.

परत येऊन दादाला सांगितलं, साहेब गावाला गेले आहेत. तेव्हापासून तो रोज विचारायचा, “आले का वं साहेब?”

ती बाटली आता माझ्या खिडकीत आहे. गाळ तळाला बसला आहे. रोज पुसते आणि तिथेच ठेवते. दादाशी खोटं बोलले, त्याचं मला काही वाटत नाही. ते उत्तर ऐकून मरण्यापेक्षा तो वाट पाहत मेला, तेच बरं झालं.