देवीला एकदाच इचारायचं

मी तिसरीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला गेलो तर मास्तरांनीच हात जोडले. तवापासनं हिरकणीवाडीत लिंबू सरबत आणि पिठलं-भाकरी. रोपवेनं माणसं उतरली की त्यांना गडाचा इतिहास सांगतो, त्यातला निम्मा मीच केलेला. अशा माणसाची पोरगी महाडला बी.ए. झाली आणि मुंबईला विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला गेली. यात माझा हात एवढाच, की मी हॉस्टेलवर तिची ट्रंक पोचवली. तीपण भलत्याच बिल्डिंगीत.

मे महिन्यात ती सुट्टीला आली. म्हटलं, काय शिकवतात?

"विज्ञानाचं तत्त्वज्ञान."

"अगो, एकतर विज्ञान शीक नायतर तत्त्वज्ञान. दोन्ही एका टोपात कशाला?"

तिनं समजावलं. आपण एखादी गोष्ट खरी म्हणतो, तर काय झालं म्हंजे ती खोटी मानू, ते आधी सांगता आलं पायजे. जी कशानंच खोटी ठरत नाय, ती विज्ञानात बसत नाय. मी मान डोलावली. मान डोलवायला शाळा लागत नाय.

त्याच सुट्टीत स्थळ आलं. पोरगा डोंबिवलीला, कंपनीत, स्वतःचा ब्लॉक. पण लग्न दिवाळीच्या आत पायजे, म्हंजे पोरीचं दुसरं वर्ष बुडणार. ती नको म्हणाली. मला तर तो ब्लॉक झोपेत पण दिसायला लागलेला. बायको म्हणाली, "बापलेक भांडू नका. देवीला कौल लावा."

आमच्यात असंच. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाय.

तिघं देवळात गेलो. पडली डावी. मी म्हटलं, "गुरवा, पंखा चालू हाय रे." पंखा बंद केला. परत डावी. म्हटलं, "माझंच चुकलं. पोराचं नावगाव सांगितलंच नाय, देवीला कळणार कसं?" नाव सांगितलं, गाव सांगितलं, ब्लॉक तळमजल्याला नाय हेपण सांगितलं. मंग दोन्ही पाकळ्या चिकटूनच बसल्या. गुरव म्हणाला, "देवी इचार करतेय." म्हटलं, "पाणी जास्त झालं. जरा सुकी लाव." त्यानं सुकी लावली आणि उजवी पडली. मी अशी घंटा बडवली की बाहेरची कुत्री पळाली.

"बघ! दिला कौल!"

पोरगी खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "बाबा, डावी कितव्यांदा पडली असती म्हणजे तुम्ही थांबला असता?"

"म्हंजे?"

"दहाव्यांदा? विसाव्यांदा?"

मी गुरवाकडं बघितलं. गुरव समईची वात पुढं करायला लागला, जसं काय त्या वातीवाचून गाव अडलेलं.

मी आवाज चढवला. "म्हंजे तू देवीला खोटी म्हणतेस?"

"देवीला कोण म्हणतंय? देवी दोनदा बोलली. तुम्ही ऐकलं कुठे?"

बायको पदराआड हसली. घरची मतं फुटली.

"बरं, मंग कसा लावू?"

"आधी सांगा, काय पडलं तर काय करणार. मग एकदाच. परत नाही."

सोपं वाटलं. हात जोडले. "आई, डावी पडली तर पोरगी मुंबईला जाईल, मी स्थळाला नाय म्हणेन." एवढं बोललो आणि कपाळाचा घाम पुसला. जन्मभर कौल लावत आलो, पण उत्तर मी घरनंच घेऊन यायचो. आज हात रिकामे. हळूच इचारलं, "आणि उजवी पडली तर गो?"

"तरी मी नाहीच म्हणणार. पण ते तुम्हाला, देवीला नाही."

"मंग मी घाम कशाला गाळतोय?"

"तुम्ही देवीचं ऐकता का, ते बघायला."

गुरवानं पाकळ्या लावल्या. डावी पडली. माझ्या तोंडातनं निघालंच, "गुरवा, जरा वारा..." पंखा बंद, मे महिना, वारा कुठला? पोरगी नुसती बघत होती. मी तोंड मिटलं. बायको तो दिवस अजून सांगते.

एसटीडी बूथवरनं डोंबिवलीला फोन लावला. पोराच्या बापाला म्हटलं, "देवीनं नाय म्हटलं."

"परत लावा की! आमची देवी पण आधी नायच म्हणत होती. गुरवाला सांगा, पाकळी जरा सुकी लाव."

मला वाटलं, पलीकडनं मीच बोलतोय. या माणसाशी माझं लय जमलं असतं. आम्ही दोघं व्याही मिळून कुठल्या पण देवीकडनं होय वदवून घेतलं असतं. पण बोलून बसलेलो.

"नाय हो. एकदाच लावायचा होता."

"असं कुठं असतं?"

"मुंबईला. विद्यापीठात."

त्यानं फोन आपटला. बूथबाहेर पोरगी नखं खात उभी. "काय म्हणाले?"

"त्यांना पण तुझ्या वर्गात घालायला पायजे."

ती एवढी हसली की डोळे पुसायला लागली.

जूनमध्ये तिला महाडच्या स्टँडवर सोडायला गेलो. म्हणाली, "बाबा, गाडी वेळेवर येईल ना?"

"येणारच."

"आणि नाही आली तर?"

"तर डायवर नवीन असणार."

ती कपाळाला हात लावून ट्रंकेवर बसली. गाडी लय उशिरा आली. डायवर चांगला पिकल्या केसांचा होता.