खोटा कॉम्प्युटर आणि ह्यांचा आवाज

बायांनो, मला लिहिता येत नाय, म्हणून मी बोलतेय आणि नात सई टाइप करतेय. काही गाळलं तर तिला पकडा.

सई कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर चालवते, म्हणजे खऱ्याची नक्कल करणारा प्रोग्राम. जगभरची पोरं मिळून फुकट बनवतात म्हणे, हौस असते एकेकाला. त्यात चालणाऱ्या प्रोग्रामचे दोन मोड. एरवी तो गडी, सांगितलं तेवढंच करणारा. मोठ्या कामापुरता मालक होतो, काम झालं की परत गडी.

आज दुपारी सई म्हणाली, "आजी, हा मालक झालाय तो परत गडी होईना. आता काहीही पुसून टाकेल."

त्याच कॉम्प्युटरात ह्यांचा आवाज आहे, जायच्या आधी सईने भरून घेतलेला. दुसरीकडे कुठेच नाय.

हे सातपूरला कारखान्यात होते. घरात त्यांचा एकच नियम, मशीन बिघडलं की आधी मेन स्विच पाडायचा. मी धावत जाऊन पाडला.

सई मागून धावत आली. "आजी, तो खोट्यातलंच पुसणार होता गं. तू खरं मशीन बंद केलंस, असं अचानक बंद केलं की खरंच काही जाऊ शकतं."

ते पुन्हा चालू होईपर्यंत मी खुर्ची धरून उभी होते. मग सईने आवाज लावला.

"चहात साखर कमी का गं?"

गेले तरी तक्रार सुटली नाय. आज मी ती सईकडे मागून दोनदा ऐकली.

आता तो आवाज माझ्या फोनमध्येही आहे. तुमच्या माणसाचा कुठे कुठे ठेवलाय?