प्राणहितेवर दोन मुक्काम आणि एक दोर

भद्रावतीहून अहेरीला आत्याकडे एसटीने एका दिवसात पोचता येत होतं. बाबांनी मात्र आष्टीपर्यंतच एसटीने जायचं आणि पुढे प्राणहितेतून डोंग्याने, असं ठरवलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अकरा वर्षांची होते.

"तुमाले पोहता येते का?" आईने विचारलं.

"डोंग्याले येते ना," बाबा म्हणाले. ते कारखान्यात खोकी बांधायचे. त्यांनी मारलेली गाठ सहसा कोणाला सुटत नसे.

आई घरीच राहिली; आष्टीहून बाबा आणि मी बैलबंडीने चपराळ्याला गेलो. जाणार असाल तर जानेवारीच बरा. त्याआधी पाण्याला फार ओढ असते आणि उन्हाळ्यात डोंगा वाळूतून ओढावा लागतो. सोमाजी नावाचे मासेमार आम्हाला नेणार होते. मजुरी ठरलेली, तांदूळ आमचे, मासे त्यांचे. त्यांचा डोंगा एकाच झाडाचा कोरलेला, इतका अरुंद की शिंक आली तरी तो हलायचा.

बसल्याबरोबर बाबांनी माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक डोंग्याच्या आडव्या दांडीला.

"सोडा तो दोर," सोमाजी म्हणाले. "डोंगा पलटला तं पोरीले संगं घेऊन जाईन."

"तिले पोहता येत नाई, भाऊ."

"म्हणूनच सांगून राह्यलो. बकरी हाय का ते, बांधाले?"

त्यांनी माझ्या पाठीला वाळलेला पोकळ भोपळा बांधला. त्यांची पोरं अशीच पोहायला शिकली होती. बाबांनी दोर गुंडाळून ठेवला, पण दिवसभर त्यांचा एक हात माझ्या फ्रॉकला धरलेला होता.

मुक्काम वाळूवर. गरम भात, भाजलेला मासा, मीठ-मिरची. पलीकडचा काठ आंध्राचा. सकाळी उठले तर चुलीपासून पाण्यापर्यंत वाघाची पावलं उमटलेली होती. सोमाजी ती बघून म्हणाले, "पाणी पिऊन गेला. त्याले आपल्याशी काय काम?" मला मात्र वाळूवर राहायची भीती वाटत होती आणि पाण्यात जायचीही.

सोमाजी जाळं आवरत होते, तेव्हा मी बाबांना हळूच म्हटलं, "मले बांधा ना."

बाबांनी क्षणभर सोमाजींच्या पाठीकडे पाहिलं. मग डोंग्यात बसल्यावर माझ्या अंगावरच्या चादरीखाली हात घालून दोर कमरेला आणि दांडीला बांधला.

दुपारी खडकांमधून पाणी घुमत होतं. डोंगा आडवा झाला, खडकाला टेकला आणि एका कुशीवर भरत गेला. "उड्या मारा," सोमाजी ओरडले. पाणी मोठ्यांच्या कमरेइतकंच होतं. बाबा उतरले, मी उतरले, आणि भरलेला डोंगा मला घेऊन घसरला. भोपळा वर ओढत होता, दोर खाली. नाकात पाणी गेलं. बाबांची बोटं कमरेशी चाचपडत होती; भिजलेली गाठ त्यांना स्वतःलाच सुटेना. मग सोमाजींची मासे कापायची सुरी पोटाजवळून गेली आणि मी वर आले.

खडकावर बसून मी खोकत होते. सोमाजींनी डोंगा खडकाला लावून पाणी उपसलं आणि दांडीवरचा कापलेला दोर हातात घेतला. मग म्हणाले, "कोणं बांधलं?"

"मी," बाबा म्हणाले. "माही चूक झाली, भाऊ."

मी कमरेला उरलेला दोराचा तुकडा चाचपत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निघण्याआधी, सोमाजींनी संथ पाण्यात बाबांच्याच पाठीला भोपळा बांधला. "आता तुमी शिका. पोरगी पाहून राह्यली." बाबा दात वाजवत हात मारत होते. मला हसू आलं आणि लगेच रडूही.

वांगेपल्लीच्या घाटावर उतरलो, आत्याकडे दोन दिवस राहून एसटीने घरी आलो. अंघोळीच्या वेळी आईला माझ्या कमरेवरचा वळ दिसला. बाबांनी तिलाही तेच सांगितलं: मी बांधलं होतं. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी नीट बोलली नाही. ते माझ्याकडे बघत, पण मी मागितलं होतं हे त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

तुम्ही मुलांना घेऊन गेलात तर अंगात तरंगायचं जाकीट घाला, मुलाला नावेला बांधू नका. आणि त्यानेच घाबरून मागितलं तर? मी आज बाबांच्या तेव्हाच्या वयाची आहे, मला एक मुलगी आहे. तिने तसं मागितलं, तर माझे हातही गाठ मारतील, हे मला माहीत आहे.