बासष्ट किलोची बादली

तेहतीस वर्षं बाईंनी शाळेत कवायत शिकवली. गळ्यात शिट्टी, पाठ ओळंबा लावल्यासारखी. मुली त्यांना पाठीमागे 'सावधानबाई' म्हणत, आणि निवृत्तीनंतर ते नाव शेजारपाजारी कसं पोचलं कोण जाणे. बसून काम करणारा माणूस त्यांच्या लेखी एकतर आजारी, नाहीतर आळशी.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांचा डावा गुडघा कुरकुरू लागला. त्यांनी त्याला तंबी दिली. गुडघ्याने ऐकलं नाही.

त्याच सुमारास खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून पाणी ठिबकू लागलं आणि बाथरूम उखडायचं ठरलं. सून म्हणाली, "आई, एवीतेवी सगळं फोडतोच आहोत, तर शॉवरखाली बसायला पक्का कट्टा करून घेऊ."

"कोणाला बसायला?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे.

"कोणालाही," सून म्हणाली. "दमून आलं की बरं."

"मेल्यावर घाला मला बसवून अंघोळ. जिवंत आहे तोवर उभी राहीन!"

दोन दिवसांनी बाईंनीच जाहीर केलं, "कट्टा करा. बादली ठेवायला होईल." सून शहाणी होती. "बरं" एवढंच म्हणाली.

गवंडी साठीचा, कानावर पेन्सिल. तो मापं घ्यायला आला तेव्हा घरी बाई एकट्याच होत्या.

"उंची किती धरू?"

"अठरा इंच."

"बादलीला? उचलून ठेवताना कंबर मोडेल कुणाची तरी."

"अठराच."

"आणि भिंतीपासून पुढे?"

"सोळा."

"बादलीचं बूड तर दहा इंचांचं असतं."

"आमची मोठी आहे."

गवंड्याने रेघा मारल्या. "वजन किती येईल? त्या हिशेबाने खाली विटा रचाव्या लागतील."

खोटं बोलणाऱ्या मुलींना बाईंनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

"बासष्ट किलो," त्या म्हणाल्या.

चेहऱ्यावरची रेष न हलवता गवंड्याने आकडा भिंतीवर लिहिला. मग तिकडेच बघत विचारलं, "बादलीचे गुडघे कसे आहेत?"



"डावा दुखतो," बाई म्हणाल्या. "उठताना जास्त."

"मग एकोणीस घेऊ, उठायला सोपं. माझे तर दोन्ही गेले. सगळा जन्म उकिडवं बसण्यात गेला."

बाईंना हे पटायला जड गेलं. उभं राहणाऱ्याचेही गुडघे जातात आणि बसणाऱ्याचेही, मग इतकी वर्षं आपण शिकवलं ते काय?

कट्टा झाला. पहिले दोन दिवस बाईंनी इमानेइतबारे त्यावर बादली ठेवली आणि शेजारी उभ्या राहून अंघोळ केली. तिसऱ्या दिवशी कडी दोनदा तपासली, बादली खाली उतरवली आणि बसल्या. गरम पाणी मानेवरून पाठीवर ओघळलं. त्यांना नववीतली एक मुलगी आठवली. भर उन्हात रांगेतून तिने विचारलं होतं, "बाई, थोडं बसू?" त्या म्हणाल्या होत्या, "अजून पडली नाहीस, म्हणजे उभी राहू शकतेस." आपलं ते वाक्य तेव्हा त्यांना फार आवडलं होतं. आता हातातला साबण विरघळत होता आणि ते वाक्य काही केल्या वाहून जात नव्हतं.

"आई, बऱ्या आहात ना? अर्धा तास झाला!" बाहेरून सून.

"बादली घासतेय!"

उठताना मात्र पंचाईत झाली. धरायला काहीच नव्हतं आणि ओल्या भिंतीवरून हात सटकत होता. तिसऱ्या झटक्याला कशाबशा उठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः गवंड्याला फोन लावला.

तो आला. त्याच्यामागोमाग सूनही दारात येऊन उभी राहिली.

"दांडी लावायचीय," बाई म्हणाल्या. "मला धरायला."

"कुठे लावू?"

बाई साडी-चष्म्यासकट आत गेल्या आणि कोरड्या कट्ट्यावर सगळ्यांदेखत बसल्या. हात लांब केला. "इथे. जरा खाली. हां."

गवंड्याने बोटांपाशी खूण केली.

"तू काय बघत उभी आहेस?" त्या सुनेला म्हणाल्या. "ये, बस इथे. तुझा हात कुठे पोचतो तेही बघू."