नऊ पाट्या लोण

तो रविवार आठवला की आजही माझे कान तापतात, आणि मागोमाग हसूही फुटतं. पोलीस खात्यात तीस वर्षं घालवली. दरोडे पाहिले, खून पाहिले, नामांकित ठक पाहिले. पण चार माणसं जमली की मी हीच हकीकत सांगतो. हिच्यात चोर नव्हता, चोरी नव्हती, आणि अख्ख्या प्रकरणात सगळ्यात मोठा मूर्ख कोण, तर ठाण्याचा ठाणेदार. म्हणजे मी!

मी सागरकडचा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. पोलिसाचं शिक्षणही तिकडेच झालं आणि खेळ म्हणजे हॉकी, एवढंच आम्हाला ठाऊक. नागपुरात बदली होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. वय सव्वीस, अंगात खाकी आणि डोक्यात हवा. त्या उन्हाळ्यात मिठाच्या कायद्याविरुद्ध देशभर वारं सुटलं होतं. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे, पण खारी माती उकळून मीठ काढणारे नागपुरातही निघतील, अशी जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबांची पक्की खात्री होती. रोज हुकूम यायचा, डोळ्यांत तेल घालून राहा. मी तर तेलाची बुधलीच ओतून बसलो होतो.

ठाण्यासमोर एक हलवाई होता, उत्तरेकडचा. तो आमचा खबऱ्या. शनिवारी दुपारी तो हात पुसत आला आणि माझ्या टेबलाशी वाकून म्हणाला, "हुजूर, पक्की खबर है."

त्याच्या दुकानात चारपाच जण शेवचिवडा खात बसले होते. त्यांतला एक सरकारी कचेरीतला पट्टेवाला, सक्करदऱ्याला राहणारा. मराठी हलवायाला अर्धवटच कळायची, पण कान तिखट. त्यानं शब्द पाठ करून आणले होते : उद्या खाप्यावर लोण चढवायचं. नऊ पाट्या. मृदंगाला चुकवायचं. एखादा मेला तरी चालेल, पण लोण आलंच पाहिजे.

मी खुर्चीतून उठलोच! लोण म्हणजे मीठ, हे कुणीही सांगेल. पाटी म्हणजे माती वाहायची टोपली. खापा कन्हान नदीच्या काठी, म्हणजे काठावर खारी माती असणार. तिथे नऊ टोपल्या मीठ गाडीवर चढवायचं आणि नागपुरात आणायचं. वर मरायचीही तयारी! राहता राहिला मृदंग. तो शब्द मला तासभर छळत होता. मग एकदम उजेड पडला. दोन्ही बाजूंनी बडवला जातो तो मृदंग, म्हणजे आपण पोलीस. वरून साहेब बडवतात, खालून लोक.

माझ्या ठाण्यात एक जुना हवालदार होता, जन्मच सक्करदऱ्याचा. त्याला एका शब्दानं विचारलं असतं तर तिथेच निकाल लागला असता. पण खबर गोपनीय! हवालदाराला कशाला सांगायचं? मी परस्पर साहेबांना चिठ्ठी पाठवली. साहेबांनी राखीव दलाचे सहा शिपाई दिले, सगळे उत्तरेकडचे, मराठी न कळणारे. रविवारी साडेदहाला आपण स्वतः ठाण्यात येऊ असंही कळवलं. मला पुढची बढती दिसायला लागली.

सकाळी सातला आम्ही पट्टेवाल्याच्या घराला वेढा घातला. गडी ओसरीवर बसून पायांना तेल चोळत होता. तिशीचा, काटक, उन्हानं रापलेला. झडतीत कोपरीच्या खिशातून दोन वस्तू निघाल्या. एक कागद, त्यावर नऊ नावं आणि प्रत्येकापुढे पहिली पाटी, दुसरी पाटी असे आकडे. त्यातल्या पहिल्या नावापुढे लिहिलेलं 'मृदंग'. आणि दुसरी वस्तू म्हणजे रुमालात गाठ मारून बांधलेलं चिमूटभर मीठ.

मी दोन पंच बोलावून जागच्या जागी पंचनामा केला. त्याची बायको दारात आडवी उभी राहिली.

"काहून नेता जी याले? काय केलं यानं?"

"मिठाचा गुन्हा आहे."

"मिठाचा? भाजीत टाकाले मीठ राहत नाही घरात, अन् हा गुन्हा करते म्हणता?" ती नवऱ्याकडे वळली. "अन् तुमी काहून गप्प आहा गा? बोला नं!"

तो बिचारा बोलायला तोंड उघडतो तोवर आम्ही त्याला चालता केला होता. ठाण्यात आल्यावर मी रोजनाम्यात त्याचं नाव चढवलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण उत्साहाला आवर कुठला? त्याच्या कचेरीच्या हेडक्लार्कच्या घरी शिपायाच्या हाती चिठ्ठी धाडली, की तुमचा पट्टेवाला मिठाच्या प्रकरणात अटकेत आहे. सरकारी नोकर चळवळीत सापडला की त्याची नोकरी गेलीच, असे ते दिवस होते.

मग जबाब सुरू झाला. मुन्शी लेखणी बुचकळून तयार होता. मी रुमालाची गाठ टेबलावर आपटली.

"हे काय आहे?"

"मीठ जी."

"कुठून आणलं?"

"किराण्याच्या दुकानातून."

"कशासाठी?"

"लोण आणाले."

मी मुन्शीकडे विजयानं पाहिलं. "म्हणजे कबूल?"

"कबूल म्हणजे? आज लोण आणणारच साहेब! मागच्या साली खाप्यानं आमची लय इज्जत काढली."

"आणि नऊ पाट्या कुठे लपवल्या आहेत?"

"लपवाले कायले पाहिजे? मैदानात आखून राहिले असतील पोट्टे."

"टोपल्या आखतात?"

"टोपल्या?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "कोणत्या टोपल्या जी?"

मला वाटलं, गडी पक्का बनेल आहे. हा माझा अनुभव आहे, की ज्याला काही लपवायचं असतं तो लांबलचक बोलतो आणि ज्याच्याजवळ काहीच नसतं तो तुमचेच शब्द तुम्हाला परत विचारतो. पण हे शहाणपण पुढचं. तेव्हा मी टेबलावर मूठ हाणली आणि ओरडलो, "नोकरी गेली समज तुझी! कचेरीत चिठ्ठी गेली आहे."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. इतका वेळ हा माणूस घाबरला नव्हता, त्याला सगळी गंमत वाटत होती. आता त्यानं हात जोडले.

"असं नका करू साहेब. दोन पोरी आहेत मले. त्या बिल्ल्यावरच घर चालते आमचं."

तेवढ्यात हवालदार पाण्याचा तांब्या घेऊन आत आला. त्यानं टेबलावरचा कागद पाहिला, मीठ पाहिलं, मुन्शीनं लिहिलेल्या दोन ओळी वाचल्या. त्याच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं घेरी येते की काय. पण तो हसू दाबत होता.

"साहेब, गुस्ताखी माफ. हा आट्यापाट्याचा खेळ आहे जी."

"कसला खेळ?"

"मैदानात आडव्या नऊ पाट्या आखतात. एकेका पाटीवर एकेक गडी उभा राहते, त्यानं आपल्या पाटीवरच हलाचं. दुसऱ्या बाजूच्या गड्यानं त्यांचा हात न लागू देता सगळ्या पाट्या पार कराच्या. हात लागला का मेला. मधून एक उभी पाटी, सूरपाटी. तिच्यावर धावते त्याले मृदंग म्हणतात. अन् शेवटची पाटी ओलांडून जो वापस घरी येते, त्यानं लोण आणलं. यांच्या वस्तीची रीत आहे, त्या टोकाले खरंच मीठ ठेवतात. आज संध्याकाळी खाप्याच्या गड्यांसंग सामना आहे. सारं सक्करदरा वाट पाहून राहिलं."

एकेक शब्द आपल्या जागी जाऊन बसत होता. पण सव्वीस वर्षांचा ठाणेदार सहजासहजी हरतो होय? मी म्हणालो, "तू त्याच्याच वस्तीतला. तू असंच सांगणार. खेळ असेल तर मला खेळून दाखवा. आत्ता, इथे."

दहा वाजले होते. हवालदारानं ठाण्याच्या अंगणात चुन्याच्या रेघा ओढल्या. जागा कमी, म्हणून पाचच पाट्या बसल्या. चारांवर राखीव दलाचे शिपाई उभे केले, सूरपाटीवर म्हातारा हवालदार स्वतः, आणि फाटकाजवळच्या शेवटच्या पाटीवर मी. हॉकीत मी बचावाला खेळायचो. माझ्या अंगावरून चेंडू जात नसे, तिथे हा जिवंत माणूस कसा जाईल? पट्टेवाल्याला बेडी काढून पलीकडे उभं केलं. तो वाकला, माती कपाळाला लावली, आणि बघता बघता त्याचा चेहरा पालटला.

काय सांगू महाराज! पहिल्या पाटीवर त्यानं नुसता खांदा डावीकडे टाकला, शिपाई तिकडे धावला, आणि हा उजवीकडून पार. दुसऱ्यावर तो उभाच राहिला, अगदी निवांत, जणू पान खायला थांबलाय. शिपाई बुचकळ्यात पडला तेवढ्यात गेला! हवालदार सूरपाटीवरून वाघासारखा आला. पट्टेवाला जमिनीलगत वाकला, हवालदाराचा हात त्याच्या पाठीवरून वीतभर अंतरानं निघून गेला. कोठडीतले दोन कच्चे कैदी गजांना धरून ओरडायला लागले. मुन्शी लेखणीसकट बाहेर आला. चौथी पाटी गेली. आता माझ्यासमोर तो आणि मी. मी हात पसरून डावीउजवी करत होतो, घामानं डोळे चुरचुरत होते. त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं, डावा पाय उचलला, मी झेपावलो आणि मातीत तोंडावर पडलो.

नेमक्या त्याच वेळी साहेबांची मोटार आली आणि पहारेकऱ्यानं फाटक सताड उघडलं.

मी मातीतून मान वर केली. पट्टेवाला फाटकापासून चार पावलांवर उभा होता. पहारेकरी सलामीत ताठ. समोर मोकळा रस्ता, पुढे बाजाराची गर्दी. ज्याची नोकरी जाणार, ज्याला तुरुंग दिसतो आहे, असा अटकेतला माणूस बिनबेडीचा, उघड्या दारात!

त्यानं रस्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गर्रकन वळला आणि पुन्हा पाट्यांत शिरला. माझ्या अंगावरूनच उडी मारून गेला. चौथी, तिसरी, दुसरी, हवालदाराला दोनदा हुलकावणी, पहिली, आणि पलीकडे पोचून दोन्ही हात वर करून तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "लोण!"

कोठडीतले कैदी नाचायला लागले. हवालदार धापा टाकत "शाब्बास गा, शाब्बास!" म्हणत होता. साहेब मोटारीच्या पायरीवर उभे राहून सगळं बघत होते. मी धूळ झटकत उठलो, सलाम ठोकला आणि जी हकीकत होती ती जशीच्या तशी सांगितली. खोटं सुचलंही नाही.

साहेबांनी पट्टेवाल्याला जवळ बोलावलं. "फाटक खुला था. भागा क्यों नहीं?"

तो अजून धापत होता. म्हणाला, "हुजूर, लोण बाकी था."

साहेब इतके हसले की त्यांची टोपी पडली. नंतर माझ्याकडे वळले आणि हसू पुसलं. "तुम मराठी आदमी है?"

"जी, साहेब."

"मराठी जानता है?"

त्यांनी हुकूम दिला, की रोजनाम्यातली नोंद खोडायची नाही. खाली दुसरी नोंद स्वतःच्या हातानं लिही, चूक कोणाची ते लिही, आणि याला सोड. माझ्या सेवापुस्तकात त्याच दिवशी शेरा पडला, की या अधिकाऱ्याला स्थानिक भाषेचं ज्ञान अपुरं आहे. मराठीबद्दल असा शेरा मिळालेला मराठी माणूस खात्यात दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही.

पट्टेवाला फाटकापर्यंत गेला आणि परत आला. "साहेब, माह्यं मीठ?"

तो मुद्देमाल होता! रीतसर पावती करून, सही घेऊन, ते चिमूटभर मीठ मी त्याला परत केलं.

संध्याकाळी साध्या कपड्यांत मी सक्करदऱ्याला गेलो. तळ्याकाठी माणसांचा समुद्र. खाप्याचे गडी म्हणजे एकेक पहाड. आमच्या पट्टेवाल्यानं सातव्या पाटीवर खाप्याच्या मृदंगाला मुद्दाम आपल्या अंगावर ओढलं आणि हात लागू दिला. तो मेला, पण तेवढ्यात त्याचा जोडीदार पलीकडून सुटला, मिठाची चिमूट उचलून वाऱ्यासारखा परत आला. लोण चढलं! माझा आवाज त्या आरोळीत सगळ्यात मोठा होता. शेजारचा शेतकरी म्हणाला, "जरा हळू जी भाऊ, कान फुटतीन माहे."

पण माझी ती चिठ्ठी हेडक्लार्ककडे पोचली होती. रात्रभर तीच डोळ्यांसमोर. सोमवारी कचेरी उघडताच मी तिथे हजर. हेडक्लार्कच्या मेजावर बडतर्फीचा मसुदा तयार! मी म्हणालो, चूक माझी आहे. तो म्हणाला, "तोंडी चालत नाही, ठाणेदारसाहेब. लेखी द्या. सहीनिशी."

अख्खी कचेरी माझ्याकडे बघत होती. कारकून माना उंचावून ऐकत होते. मी उभ्याउभ्याच इंग्रजीत लिहिलं, की मला खेळाचा शब्द कळला नाही, कुणाला विचारावं एवढी अक्कल सुचली नाही, हा माणूस निर्दोष आहे. सही केली. आयुष्यात पुढे पुष्कळ बक्षिसं घेतली, पण त्या सहीइतका हात कधी जड झाला नाही. पुढे माझ्या हाताखाली जो जो नवा फौजदार आला त्याला मी पहिल्याच दिवशी बजावलं, की खबर कितीही गोपनीय असो, शब्द मात्र गावातल्या माणसाला विचार. माणूस शब्दानं पकडला जातो आणि शब्दानंच सुटतो.

तो कागद कचेरीच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत न्यायचा होता. हेडक्लार्कनं घंटी वाजवली, आणि आत आला तो आमचाच पट्टेवाला. बिल्ला लावलेला, गुडघा खरचटलेला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. कागद हातात घेऊन त्यानं मला हळूच विचारलं, "काय लिहिलं जी यात?"

"मी मेलो म्हणून लिहिलं," मी म्हणालो.

तो आधी दचकला, मग त्याला कळलं. ओठ दाबून तो आत गेला. दोन मिनिटांनी रिकाम्या हातानं बाहेर आला, दाराशी ठेवलेल्या आपल्या स्टुलावर बसला आणि पुढच्या घंटीची वाट पाहू लागला.