स्वीडनच्या साहेबाचं मराठी

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, पण माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी निघाला स्वीडनचा. हे ऐकून माझे जुने विद्यार्थी नाराज होतात. होवोत. निबंध कोणी कसे लिहिले, ते मला अजून आठवतंय.

निवृत्त झाले त्याच वर्षी तो शनिवार पेठेत आमच्या घरी आला. एका स्वीडिश कंपनीने पुण्याबाहेर कारखाना काढला होता, तिथला तो मोठा इंजिनिअर. कोणी न सांगताच त्याने बूट दाराबाहेर काढले. मला वाटलं, पढवून पाठवलाय. नंतर कळलं, त्यांच्याकडेही घरात बूट घालून वावरत नाहीत. निम्मे मार्क त्याने तिथेच मिळवले.

त्याचं गाऱ्हाणं साधं होतं. कारखान्यात कोणी त्याच्याशी थेट बोलत नसे. एक पुणेरी अधिकारी कायम मध्ये. कामगार त्याला मराठीत भडाभडा सांगणार, आणि ते सगळं साहेबापर्यंत पोचेतो त्याचं "नो प्रॉब्लेम, सर" होणार. दोन वर्षांनी त्याला परत जायचं होतं. तोवर निदान एका माणसाने तरी आपल्याशी सरळ बोलावं, एवढीच त्याची इच्छा.

"बोलतील," मी म्हणाले. "मात्र या घरात इंग्रजी चालणार नाही."

आमचे हे आतून म्हणाले, "पुण्यात मराठी शिकून करणार काय तो? भांडणार?"

"भांडणारच. भांडता आल्याशिवाय भाषा आली असं कोण म्हणेल?"

त्याच्या शाळेत इंग्रजीखेरीज आणखी एक परकी भाषा शिकवत. याने जर्मन घेतली होती, त्यामुळे व्याकरणाला तो बिचकत नसे. आपल्याकडे तीन लिंगं आहेत हे मी जरा जपूनच सांगितलं, तर "जर्मनमध्येही आहेत" म्हणून मोकळा झाला. 'ण' मात्र याचा घाम काढणार, अशी माझी खात्री होती. मी म्हटलं, "म्हणा, बाण." त्याने इतका स्वच्छ 'बाण' म्हटला की मी चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या भाषेत लहान मुलाला जवळजवळ असंच म्हणतात म्हणे. आमच्या आळीतली चार पोरं 'पानी' म्हणत हिंडतात, आणि हा इतक्या लांबून येऊन 'पाणी' मागतो! मला त्याचा फार अभिमान वाटला आणि पोरांचा आला राग.

त्याची एक खोड मात्र मला घालवता आली नाही. तो 'होय' म्हणताना श्वास आत ओढायचा, चटका बसल्यासारखा. पहिल्या दिवशी मला वाटलं, चहा फार गरम आहे. त्याच्या गावाकडे, पार उत्तरेत, सगळेच असं म्हणतात.

पुढे अडलं ते त्याच्यामुळे नाही, आपल्यामुळे. त्याने मंडईत व्यवस्थित विचारावं, "मावशी, कोथिंबीर ताजी आहे का?" आणि मावशींनी म्हणावं, "फ्रेश, सर, व्हेरी फ्रेश!" पेठेतले दुकानदार एरवी आपल्या माणसाशी बोलायलाही कंटाळतात, पण याच्यासाठी त्यांना इंग्रजीचा पाझर फुटे. कारखान्यातही तेच. हा मराठीत विचारी, समोरचा "येस सर" म्हणून पळे. मी संतापायची. गोऱ्या माणसाला इंग्रजीत उत्तर देण्यात आपल्याला कसली धन्यता वाटते, देव जाणे.

त्याच्या परतीला थोडेच दिवस उरले असताना खंडेनवमी आली. आदल्या वर्षी त्या दिवसांत तो रजेवर मायदेशी गेला होता. या वेळी कारखान्यातल्या यंत्रपूजेला त्याने दोन शब्द बोलायचे असं ठरलं आणि मलाही आमंत्रण आलं. हातात कागद न घेता तो बोलला. एकही 'ळ' हुकला नाही. टाळ्या पडल्या. त्याने खाली येऊन पहिल्या रांगेतल्या माणसाला विचारलं, "कसं वाटलं?"

"थँक्यू, सर."

त्याचा चेहरा उतरला. माझाही.

मग आरती झाली, मोठ्या यंत्राला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. उद्घाटनाला यंत्र सुरू करतात, एवढंच साहेबाला ठाऊक. तो उत्साहाने पुढे झाला आणि त्याने बटणाकडे हात नेला.

"ओ साहेब! हात काढा आधी!"

लोणी काळभोरचा एक जुना कामगार होता, त्याच यंत्रावरचा. "आज पुजलीय तिला! आज सुट्टी हाय तिची. उद्या सकाळी नारळ फोडायचा, मग उठवायची. एवढं बी म्हायती न्हाई व्हय?"

साहेबावर ओरडल्याचं ध्यानात येऊन तो माणूस वरमला. साहेबाने श्वास आत ओढत म्हटलं, "होय. चुकलं माझं."

"दमा हाय का तुम्हाला?"

"नाही हो. आमच्या गावाकडे होय असंच म्हणतात." मग यंत्राकडे बोट दाखवून, "पण काल हिचा आवाज वेगळा येत होता. तुम्हाला ऐकू आला का?"

"काल? आवो, कवापासनं येतोय! बोंबलून दमलो मी. आतलं बेअरिंग गेलंय, साहेब."

अधिकारी लगबगीने मध्ये आला. "सर, ही इज सेइंग..."

"तुम्ही थांबा वो जरा," तो कामगार त्याला म्हणाला. "साहेबांना कळतंय."

आणि दोघं त्या हार घातलेल्या यंत्राशी वाकून बोलत राहिले. प्रसादाचा पेढा माझ्या हातात तसाच होता. डोळे भरून आले होते, ते मी पुसलेही नाहीत.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "मग, कसं झालं भाषण?"

"भाषणाचं काय घेऊन बसलात?" मी म्हणाले. "ओरडा खाल्ला त्याने. मराठीतून."