सुवेझची साखर

इंग्लंड, फ्रान्स आणि मिसर यांच्यातलं भांडण मी एकदा मिटवून टाकलं होतं. आगरदांड्याला, आमच्या ओटीवर बसून, मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडत. लंडनला आणि न्यूयॉर्कला मोठमोठ्या लोकांनी महिनोन्‌महिने टेबलं झिजवली, त्यांना जे जमलं नाही ते मला दुपारच्या चहाआधी जमलं. चूक एवढीच झाली, की ज्यांचं भांडण होतं त्यांना हे कळवायचं राहून गेलं. कळवलं ते फक्त चाचीला.

छप्पन साल होतं. माझं लग्न होऊन दीडेक वर्ष झालेलं. मी फायनल पास, वर इंग्रजीच्या दोन यत्ता, त्यामुळे जगात मला न कळण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या वेळचा एक फोटो आहे माझा. नाकात नथ, आणि हनुवटी अशी वर, की फोटो काढणाऱ्यालाच नापास करणार आहे जणू. आता बघते तेव्हा त्या पोरीला टपली मारावीशी वाटते.

हे मुंबईला नोकरीत. घरी मी आणि मामंजी. मामंजींनी नबाबाच्या कचेरीत कारकुनी केलेली. संस्थान विलीन झालं आणि ते घरी बसले, ते झोपाळ्यावर. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चाललेला. मुरुडहून पेपर यायचा, एक दिवस शिळा, आणि तो मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा हा घरातला नेम. हळूहळू त्या वाचनाला चाचीही यायला लागली.

चाची म्हणजे आमच्या वाडीच्या दगडी गडग्यापलीकडची. नवरा कधीच वारलेला. एकुलता एक मुलगा विलायती कंपनीच्या बोटीवर, इंजिनाच्या कामावर. मुंबईहून विलायतेला जायचं तर वाट सुवेझच्या कालव्यातून, आणि त्या पावसाळ्यात मिसरने कालवा आपला म्हणून जाहीर केलेला. इंग्रज, फ्रेंच खवळलेले. म्हणून चाची येऊन खालच्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, "वाच गो बाय, आज काय म्हंतात?" वर ये असं तिला आमच्या घरात कुणी म्हणत नसे, आणि तिनेही कधी विचारलं नाही. चहाचा कप तिच्यासाठी वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. मी तिकडे कैरोचा विचार करत होते ना!

बोलणी चालली होती. आपल्या देशाचा एक मोठा माणूस विमानाने लंडनहून कैरोला, कैरोहून पुन्हा लंडनला असा फेऱ्या मारत होता.

"ह्यो आपला मानूस रोज जातो नि येतो," चाची म्हणाली, "ह्याचं भाडं कोन देतं?"

"आपणच," झोपाळ्यावरून मामंजी.

"मंग यवडं भाडं घालवून दोगांना एका ताटात जेवाय तरी बसवील का?"

"साहेब बोलायला बसला ना, की त्याच्या तोंडाकडे बघू नये. त्याच्या बोटी कुठे आहेत ते बघावं."

मामंजींचं हे बोलणं मला अगदी जुनाट वाटलं. हे झालं नबाबाच्या कचेरीतलं शहाणपण, आता जग बदललंय, असं मी मनात म्हटलं. मनात म्हटलं हीच काय ती त्यातली शहाणी गोष्ट.

नवरात्र आटोपलं होतं. चाचीचा मुलगा रजेवर घरी आलेला, आणि त्याला मुंबईहून कंपनीचं बोलावणं आलं. बोट विलायतेला निघणार. त्याच दुपारी चाची आली. मामंजी झोपाळ्यावर घोरत होते. ताजा, म्हणजे कालचा, पेपर माझ्याजवळ होता आणि त्यात वरच ठळक छापलेलं, की न्यूयॉर्कच्या बैठकीत सहा मुद्दे सगळ्यांना मान्य झाले.

चाची पायरीवर बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "जाऊ दिऊ का गो त्याला? तुला कळतं. खरं सांग."

आता मला कळतं असं कुणी म्हटलं की माझं काय व्हायचं ते सांगायला नको. मी सूप बाजूला ठेवलं. हनुवटी वर.

"चाची, लग्न ठरवताना काय करतात? मधला माणूस दोन्हींकडे हेलपाटे घालतो. मानपान, देणंघेणं, एकेक कलम बोलून घेतात. मग याद्या होतात, साखर वाटतात. साखर वाटल्यावर मोडलंय का कधी कुणी?"

"आमच्यात पन न्हाय मोडत. मंगनी झाली म्हंजे झाली."

"मग हे तेच. सहा कलमं झाली मान्य. याद्या झाल्या म्हणायच्या. जाऊ दे त्याला खुशाल."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. मी उठून आत गेले, डब्यातली चिमूटभर साखर आणली आणि तिच्या तळहातावर ठेवली. वरून म्हटलं, "घे. सुवेझची साखर. त्याला दे." चाचीने ती पदराच्या टोकाला बांधली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. लोखंडी पेटी खांद्यावर, गडग्यापलीकडून मला ओरडून म्हणतो, "वैनी, कालव्यातनं तुमच्यासाठी काय आणू?"

"पाणी आण!" मी म्हटलं, आणि स्वतःच्याच विनोदाला हसले.

तो गेला त्या संध्याकाळी दिवा लावून मामंजींना आदल्या दिवशीची राहिलेली ती बातमी वाचली. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मान्य झालेत. बरं. पाळायचे कुणी, कसे, ते लिहिलंय का पुढे?"

पुढे लिहिलेलं होतं. बारीक अक्षरांत, खालच्या अंगाला, जे मी दुपारी वाचलंच नव्हतं. मुद्दे मान्य, पण ते अमलात कसे आणायचे त्यावर फिसकटलं होतं. ठळक अक्षरं वाचून मी एका आईला सल्ला दिला होता. बोट मुंबईहून सुटायला अजून वेळ होता. धावत जाऊन चाचीला सांगता आलं असतं, तार करता आली असती. मी तेल घालून दिव्याची वात सारखी केली आणि स्वतःला म्हटलं, होईल तेही होईल.

दिवाळीत झालं. हे मुंबईहून आले, त्यांच्याबरोबर बातमी आली, आणि दुसऱ्या दिवशी पेपर. कैरोवर बाँब पडत होते. मी मागच्या पडवीत चकल्या तळत होते. पोरांनी वाटेवर एक फटाका लावला आणि माझ्या हातून झारा सुटून निखाऱ्यात पडला. ते चार दिवस गावात जिथे जिथे फटाका वाजला तिथे तिथे माझ्या डोळ्यांपुढे एक बोट बुडाली.

सर्वांत भीती वाटायची ती वाचनाची. कारण चाची यायचीच. दिवाळी असो की लढाई, खालच्या पायरीवर येऊन बसायची आणि म्हणायची, "वाच." मला वाटे, आज ही म्हणेल, तूच म्हणालीस ना? आज म्हणेल. ती म्हणत नव्हती. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी पेपरच्या आड तोंड लपवायची. पेपर हातात वाजायचा ते तिला ऐकू जाई. म्हणून मी तो मांडीवर दाबून धरून वाचायला लागले.

एक दिवस बातमी होती, की कालव्यात बोटी बुडवून वाट बंद केली आहे. मी ती ओळ गाळली. सरळ पुढच्या बातमीवर गेले, साखरेच्या भावावर. आणि साखर हा शब्द तोंडातून निघताच मी पुढचा आकडा सोडून पान उलटलं.

"वरचं राहिलं," मामंजी म्हणाले. "मोठी अक्षरं दिसतात मला अजून."

मी वाचलं. चाचीने सगळं ऐकून घेतलं. कुणी बुडवल्या, किती, त्यात आपली माणसं होती का, काही विचारलं नाही. गुडघ्यावर हात देऊन उठली, चहा तसाच टाकला, आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही.

ती यायची तेव्हा मला तिची भीती वाटे. यायची थांबली तेव्हा जी वाटली तिच्यापुढे आधीची काहीच नव्हे. मी विहिरीवर जायचं टाळायला लागले, कारण विहिरीवरून तिचं दार दिसतं. शहाळी काढायला माणूस आला तर त्याला म्हटलं, तिकडच्या बाजूची राहू देत. 'पाणी आण' हे माझे शब्द, पाणी शेंदताना, पाणी तापवताना, मामंजींना तांब्या देताना ऐकू यायचे. आमच्या वाडीच्या खालून खाडीपलीकडच्या दिघीची तर, म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी, दिसे. ती इकडच्या काठाला लागली की मी उतरणारी माणसं बघत उभी राहायची. कुणी अनोळखी असला आणि आमच्या वाटेला वळला की देवघरात जाऊन बसायची. तो वाईट बातमी घेऊन आलाय आणि चाचीकडे चाललाय, याबद्दल माझी खात्री असायची. असे कितीतरी बिचारे सुपारीचे व्यापारी मी मनातल्या मनात यमदूत करून टाकले.

यांना सांगितलं तर हसले. "तुझ्या सांगण्यावरून इंग्रज लढाईला गेला की काय?" म्हणाले. रजा संपली, मुंबईला गेले. जाताना मी पायच धरले, की कंपनीत चौकशी करा. बरं म्हणाले.

त्यांच्याकडून काही कळायच्या आत ती सकाळ आली. तरीतून एक माणूस उतरला. खाकी पिशवी, खलाशाची चाल. तो खरंच आमच्या वाटेला वळला, आणि खरंच चाचीच्या दारात गेला. मी या वेळी देवघरात गेले नाही. गडग्याशी उभी राहिले. थोड्या वेळाने चाचीच्या घरातून बायकांचा एकदम मोठा आवाज आला, आणि आजूबाजूच्या घरांतून माणसं धावायला लागली. दारात गर्दी झाली. कुणीतरी "या अल्ला" म्हणालं.

मी गडगा चढून पलीकडे उडी टाकली. लुगडं फाटलं. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही, जवळजवळ दोन वर्षं शेजारी राहून ज्या घराची पायरी मी कधी चढले नव्हते त्या घरात माणसं बाजूला सारत घुसले. चाची मधोमध जमिनीवर बसलेली, चेहरा ओला. मी तिच्यापुढे बसले आणि भोकाड पसरलं. "चाची, मी मारला गं त्याला. मी सांगितलं जा म्हणून. साखर दिली मी. मी पाणी आण म्हटलं." असं काय काय.

खलाशी माझ्याकडे, मग चाचीकडे बघायला लागला.

"कोन मेला?" चाची म्हणाली.

तो खलाशी दिघीचा होता. कालव्याच्या अलीकडे, आदनच्या बंदरात त्याची बोट आणि हिच्या मुलाची बोट शेजारी शेजारी उभ्या होत्या. कालवा बंद झाल्यामुळे मुलाची बोट तिथूनच वळली आणि आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला निघाली. पोहोचायला फार दिवस लागणार होते, इतकंच. मुलाने निरोप दिला होता, की आईला सांग, मी धड आहे, आणि आता माकडं बघायला मिळणार. तेवढ्यावरून त्या बायका आनंदाने ओरडल्या होत्या, आणि मी तेरावा घालायला हजर झाले होते.

लोक हसायला लागले. मीही हसत होते म्हणे. मला फक्त रडल्याचं आठवतं. लोक पांगले तरी मी तिथेच बसून होते, फाटलेलं लुगडं मुठीत धरून, आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, की मी सांगितलं म्हणून तो गेला. चाचीने चुलीवर आधण ठेवलं. घरातला एकच चांगला कप होता तो पदराने पुसून माझ्यापुढे ठेवला, आणि म्हणाली:

"तुज्या सांगन्यावर कशाला जाईल गो? तो माजं आयकत न्हाय, तुजं आयकतोय व्हय? पेटी तर त्यानं बोलावनं आलं तवाच भरलेली. मला कोनतरी जाऊ दे म्हनाय पायजे होतं, म्हनून आलेली तुज्याकडं. नि ती साखर ना, ती मी वाटंतच खाल्ली. पोराला न्हाय दिली."